वाट्याला आलेली मिनिटं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीचं करारपत्र घरी येतं तेव्हा त्यात तीन गोष्टी ठळक असतात. विषय, मानधन आणि वेळ. मानधनाचा आकडा वाचून बायको गालात हसते, विषय मी वाचतो, आणि वेळ मात्र आम्ही दोघंही नीट बघून घेतो. कारण दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. काचेपलीकडच्या बाई कवी म्हणून मला कितीही मान देत असल्या, तरी अकराव्या मिनिटाला तो मान संपतो. या खेपेला त्यांनी उदार होऊन वीस मिनिटं दिली आहेत, आणि मी बोलणार आहे तेही वेळेबद्दलच. माझ्या नव्हे, टीव्हीवरच्या रिॲलिटी शोमध्ये उतरणाऱ्या स्पर्धकांच्या वेळेबद्दल. त्यांच्या करारात इतर पुष्कळ कलमं असतात. आपण पडद्यावर किती मिनिटं दिसू, हे सांगणारं कलम मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

मी असा करार एकदाच जवळून पाहिला. तो माझ्या भाचीचा होता.

आमचं घर मिरजेचं. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या आळीत मी लहानाचा मोठा झालो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात पुष्कळ छापून आलं. आमच्या लहानपणी मात्र ते नुसतं पोटापाण्याचं काम होतं. अब्बा तानपुऱ्याचे कारागीर. पंढरपूरकडून भोपळे यायचे, अंगणात वाळायचे, आणि आम्ही पोरं त्यांच्यावर तबला वाजवून मार खायचो. माझ्या हाताला ती कला आली नाही. मी बी. ए. झालो, नोकरीला लागलो आणि कविता करू लागलो. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या, मुलीला मात्र गळा मिळाला. अब्बांनी शेवटचा जो तानपुरा केला तो तिच्यासाठी केला.

2019 साली ती सतरा वर्षांची होती. एका मराठी वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी तिनं कोल्हापुरात चाचणी दिली, तिथून मुंबईला निवडली गेली, आणि एक दिवस तिघा जणांचं पथक कॅमेरा घेऊन आपाच्या दारात आलं. वाहिनीचं नाव सांगत नाही. त्यांनी आमचं काही वाकडं केलेलं नाही, आणि जे केलं ते सगळेच करतात.

त्या पथकात पंचविशीतली एक मुलगी होती. तिच्या पदाचं नाव 'क्रिएटिव्ह'. चहा झाल्यावर तिनं वही उघडली आणि आमच्या दुल्हेभाईंना, म्हणजे आपाच्या नवऱ्याला, विचारलं, "काका, हिच्या गाण्याला घरातून विरोध कधी सुरू झाला?"

दुल्हेभाईंची पिठाची गिरणी आहे. दिवसभर गिरणीच्या आवाजात राहून त्यांना जरा कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "विरोध? कशाला विरोध, बेटा?"

"म्हणजे नातेवाइकांकडून, समाजाकडून वगैरे. मुलगी अभंग गाते, नाट्यगीतं गाते..."

दुल्हेभाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ म्हणाला होता, आधी बारावी कर, मग काय गायचं ते गा. पण तो गणिताचा मास्तर आहे."

त्या मुलीनं हे लिहून घेतलं नाही. ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत दर्ग्याच्या उरुसाला गाण्याची मैफल भरते, तिथे एका मुस्लिम घरात मुलगी गाते याचं नवल कुणाला वाटणार, हे मी तिला समजावू लागलो. तिनं मान डोलावली. पण तिला ती गोष्ट नको होती. तिनं दुल्हेभाईंना खिडकीशी पाठमोरं उभं केलं. आत पोरगी रियाज करते आहे, बाहेर बाप ऐकतो आहे, चेहरा गंभीर, जणू मनात काही चाललंय. एवढंच करायचं होतं. दुल्हेभाई उभे राहिले. आतून सूर आला, आणि त्यांची बोटं खिडकीच्या गजावर ठेका धरू लागली. पुन्हा घेतलं. पुन्हा बोटं. चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यांना दोन्ही हात खिशात घालायला सांगितलं, तर मान हलू लागली.

निघताना ती मुलगी दारात माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "सर, मला कळतं हो सगळं. पण माझ्याकडे चौदा मुलं आहेत आणि अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत. ज्याची गोष्ट आहे त्याला मिनिटं मिळतात. हिचं घर सुखी आहे, त्याला मी काय करू?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडच्या नियमानुसार तासाभरात बारा मिनिटं जाहिराती दाखवता येतात, उरतात अठ्ठेचाळीस. त्यात निवेदकाचे विनोद, परीक्षकांची शेरेबाजी, आपल्या येणाऱ्या सिनेमाची जाहिरात करायला आलेला पाहुणा नट, आणि मागच्या भागात काय झालं ते पुन्हा दाखवणं. जे उरेल ते चौदा जणांत वाटायचं. सारखं वाटलं तर प्रत्येकाला दोन-अडीच मिनिटं येतील आणि कार्यक्रम शाळेच्या स्नेहसंमेलनासारखा दिसेल. तो कुणी बघणार नाही. म्हणून सारखं वाटत नाहीत.

'बिग बॉस'सारख्या कार्यक्रमात हे गणित आणखी विचित्र होतं. हा खेळ मुळात 1999 साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला, 2006 मध्ये हिंदीत आला आणि 2018 मध्ये मराठीत. एका घरात पंधरा माणसं धरा. चोवीस तास कॅमेरे चालू. म्हणजे एका दिवसात पंधरा माणसांचं मिळून तीनशे साठ तासांचं जगणं टिपलं जातं, आणि त्यातून आपल्याला तासाभराचासुद्धा कार्यक्रम दिसत नाही. एखादा माणूस दिवसभर भांडी घासतो, दुसऱ्याची समजूत काढतो, रात्री निवांत झोपतो. त्याचा तो दिवस कुणालाच दिसत नाही. दुसरा सकाळी कॉफीच्या पुडीवरून चार मिनिटं किंचाळतो, आणि रात्री महाराष्ट्राला वाटतं की हा दिवसभर किंचाळत होता. किंवा, हा काय तो एकटाच त्या घरात राहतो.

कापणं म्हणजे नुसतं लांबी कमी करणं नव्हे, हे कवीला वेगळं सांगावं लागत नाही. कवितेतली एक ओळ काढली की उरलेल्या ओळींचा अर्थ बदलतो. संकलनाच्या टेबलावर मंगळवारचं वाक्य शुक्रवारच्या वाक्याला जोडता येतं. एक जण गात असताना दुसऱ्याचा पडलेला चेहरा दाखवता येतो. तो चेहरा तासाभरापूर्वी डोकं दुखत होतं म्हणून पडलेला असेल. मुलाखतीतला तुकडा, ज्याला ही मंडळी 'बाइट' म्हणतात, तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर होता हे आपल्याला कळत नाही, कारण प्रश्न कापलेला असतो. आणि या सगळ्याला स्पर्धकानं करारावर सही करून आधीच होकार दिलेला असतो.

तर आमच्या पोरीचा कार्यक्रम. ज्या दिवशी तिचं गाणं लागणार होतं, त्या दिवशी आपाच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आपानं शिरखुर्मा केला होता, ईद नसताना. शेजारच्या जोशीकाकू जपमाळ घेऊन पहिल्या रांगेत. चित्रीकरणाच्या दिवशी ती चार मिनिटं गायली होती. मी तिथे प्रेक्षकांत बसलो होतो, टाळ्याही चांगल्या पडल्या होत्या. पडद्यावर काय झालं? "आणि या मुलांनीही आपल्या सुरांनी मंच गाजवला," असं निवेदिका म्हणाली, आणि एकामागोमाग एक चार मुलं सरकत गेली. त्यात आमची तिसरी. मुखडा दिसला. अंतरा गेला, ताना गेल्या. बेचाळीस सेकंद. जोशीकाकूंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत चौथा मुलगा गात होता. दुल्हेभाईंची खिडकी तर कुठेच नव्हती.

त्याच भागात दुसऱ्या एका मुलाला पूर्ण अकरा मिनिटं मिळाली. त्याचे वडील वारले होते, आई लोकांकडे स्वयंपाकाला जात होती. तो मुलगा खरोखर चांगला गायला, आणि त्याचं दुःखही खरं होतं. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या अकरा मिनिटांत गाणं तीन मिनिटांचं होतं आणि आठ मिनिटं त्याच्या आईच्या हातांवरच्या भाजल्याच्या खुणा होत्या. नंतर निवेदिकेनं सांगितलं, आवडत्या स्पर्धकाला मत द्या.

अडचण इथे आहे. ती समजावून सांगायला मला अमेरिकेला जावं लागेल. प्रत्यक्ष नव्हे.

तिकडे 2000 साली 'सर्व्हायव्हर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो अजून चालू आहे. काही माणसं एका निर्जन जागी नेऊन सोडायची, त्यांनी एकेकाला मतदानानं बाहेर काढायचं, आणि शेवटी बाहेर पडलेल्यांपैकी काही जणांच्या पंचांनी उरलेल्यांतून विजेता निवडायचा. बक्षीस दहा लाख डॉलर. प्रत्येक स्पर्धक अधूनमधून एकटा कॅमेऱ्यासमोर बसून मनातलं बोलतो. या कार्यक्रमाचे चाहते इतके कसोशीचे की प्रत्येक भागात कोण किती वेळा असं बोललं याची ते वर्षानुवर्षं नोंद ठेवतात. आपल्याकडे क्रिकेटच्या धावांची ठेवतात तशी.

2009 साली या कार्यक्रमाचं जे पर्व दाखवलं गेलं ते समोआ बेटांवर घडलं होतं. त्यात रसेल हँझ नावाचा टेक्सासचा एक गृहस्थ होता. कारस्थानी, बोलघेवडा, दुसऱ्यांचं पाणी ओतून देणारा. कॅमेऱ्याला असा माणूस म्हणजे मेजवानीच. त्या एका पर्वात तो शंभराहून अधिक वेळा एकट्यानं बोलला. शेवटी जिंकली नॅटली व्हाइट. पंचांची सात मतं तिला, दोन रसेलला. आणि तिचा कॅमेऱ्यासमोर बोलण्याचा आकडा होता पंधराच्या आसपास. बघणारे चक्रावले. ही कोण? ही कधी खेळली? ती रोजच खेळत होती. लोकांशी बोलत होती, त्यांच्यात मिसळत होती, शत्रू करत नव्हती. ते दाखवलं गेलं नव्हतं.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मतानं एक वेगळं बक्षीस द्यायचे, एक लाख डॉलरचं. ते मिळालं रसेलला. म्हणजे ज्यांनी त्या दोघांबरोबर बेटावर दिवस काढले त्यांनी नॅटलीला निवडलं, आणि ज्यांनी घरात बसून पडदा पाहिला त्यांनी रसेलला. दोन्हीकडचे मतदार प्रामाणिकच होते. एकाला माणूस दिसला होता आणि दुसऱ्याला मिनिटं.

'सर्व्हायव्हर'चं मुख्य बक्षीस निदान प्रेक्षकांच्या हातात नसतं. खेळ महिनोन् महिने आधी होऊन गेलेला असतो, त्यामुळे पडद्यावरच्या वाटपानं विजेता बदलत नाही. आपल्याकडे मात्र मतं आपल्याकडूनच घेतात. जुना 'सा रे ग म' 1995 साली सुरू झाला तेव्हा समोर बसलेले जाणकार गुण द्यायचे. तरुण सोनू निगम निवेदन करायचा, मुलं येऊन गायची, गुण घेऊन जायची. ती मुलं कुठल्या गावची, त्यांच्या घरी कोण आजारी, हे आपल्याला फारसं कळत नसे. 2004 मध्ये 'इंडियन आयडॉल' आला. इंग्लंडच्या 'पॉप आयडॉल'चा साचा. 2005 च्या मार्चमध्ये मुंबईचा अभिजीत सावंत निवडून आला, तेव्हा लोकांनी मोबाइलवरून मतं पाठवली होती. तेव्हापासून मिनिट आणि मत यांचं नातं जुळलं. दहा मिनिटं दिसलेल्याला जी ओळख मिळते ती बेचाळीस सेकंद दिसलेल्याला कुठून मिळणार? आणि कुणाला किती दाखवायचं हे ठरवणारा माणूस मतपेटीला हातही लावत नाही. त्याला लावावा लागत नाही.

कुणी म्हणेल, तरी चांगलं गाणारी मुलं पुढे आलीच ना? आली. 2008-09 चं मराठी 'लिटिल चॅम्प्स' आठवा. कार्तिकी गायकवाड जिंकली, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही उरलेली चारही नावं महाराष्ट्राला तितकीच पाठ झाली. 2021 मध्ये तीच पाच जणं त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसली. आळंदीची कोण, अलिबागची कोण, लातूरचा कोण, हे आमच्या आपाला आजही घडाघडा सांगता येतं. अंतिम फेरीपर्यंत पाचही जणं राहिली, आणि तोवर पाचही जणांना ऐकायला वेळ मिळाला. पण त्या पाचांच्या आधी जी मुलं गेली त्यांची नावं मला विचाराल तर मी गप्प बसेन. मी तेव्हा एकही भाग चुकवला नव्हता.

आपाला मात्र या कार्यक्रमांनी एक विद्या शिकवली. कोण बाहेर जाणार हे ती आधी सांगते. चार आठवडे जो मुलगा मागच्या रांगेत टाळ्या वाजवताना तेवढा दिसला, त्याच्या गावची नदी, शाळा आणि आजी अचानक दाखवायला लागले की ती म्हणते, "गेला बिचारा." आणि तो जातो. निरोप द्यायचा तर आधी ओळख करून द्यायला हवी, नाही तर रडू कसं येणार?

आमच्या पोरीचंही तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात ती बाहेर पडली. त्या दिवशी तिला सात मिनिटं मिळाली. गाणं, परीक्षकांचे पाणावलेले डोळे, मैत्रिणींच्या मिठ्या, जुन्या चित्रीकरणातले तुकडे. आणि हो, आमचे दुल्हेभाई, खिडकीशी, पाठमोरे, फक्त खांद्यापासून वर. बोटं कापली होती. मागे सनईचे उदास सूर. बघणाऱ्याला वाटावं, या बापानं अखेर पोरीला माफ केलं.

घरी आल्यावर ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामू, मी रडले तेव्हा मला सगळ्यात जास्त वेळ मिळाला."

मी कवी असूनही मला उत्तर सुचलं नाही.

वेळेबरोबर क्रमाचाही एक प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगतो. ब्रसेल्सला क्वीन एलिझाबेथ नावाची पियानोची फार मानाची स्पर्धा होते. अंतिम फेरीत कोण कधी वाजवणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2003 साली या स्पर्धेचे अनेक वर्षांचे निकाल मांडून दाखवलं की पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता कमी असते. आणि वरचा क्रमांक मिळालेल्यांचं पुढचं आयुष्य जास्त चांगलं जातं. तिथे बसलेले पंच नामांकित संगीतज्ञ असतात. चिठ्ठी तरी निःपक्षपाती. टीव्हीवर शेवटी कुणाला गायला लावायचं हे चिठ्ठीनं ठरत असेल असं मला वाटत नाही.

यावर उपाय काय? अमेरिकेत 'सर्व्हायव्हर' दाखवणाऱ्या सीबीएस या वाहिनीनं 2020 च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की आपल्या अशा कार्यक्रमांतले निम्मे तरी स्पर्धक गौरेतर असतील. चांगलंच केलं. पण ती खुर्च्यांची मोजणी झाली. खुर्चीवर बसलेल्यानं बोलायचं किती, याची नाही. मिनिटांची मोजणी चाहतेच करत राहिले. आपल्याकडे मिनिटं नियमानं वाटल्याचं एक उदाहरण मात्र आहे, आणि ते याच इमारतीतलं आहे. 1998 पासून निवडणुकीच्या काळात मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर फुकट वेळ मिळतो. काही वेळ सर्वांना सारखा, त्यावर मागच्या निवडणुकीतल्या मतांप्रमाणे जादा, आणि कुणी कधी बोलायचं ते चिठ्ठ्यांनी. ती भाषणं कंटाळवाणी असतात हे मान्य. पण मत मागायचं असेल तर वेळेचा हिशेब आधी कागदावर हवा, हे तिथे कुणाला तरी सुचलं. गाण्याच्या स्पर्धेत दर आठवड्याला पाटीवर नुसतं एवढं लिहिलं, की या मुलाला आज इतकी मिनिटं, या मुलीला इतके सेकंद, तरी मत देणाऱ्याचा अंगठा जरा थबकेल. मनोरंजनाला हा जाच वाटेल हे मला माहीत आहे. ज्याच्यावर पोरांचं आयुष्य टांगलेलं आहे ते नुसतं मनोरंजन राहत नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. नाही तर श्रोते म्हणतील, हा स्वतः कुठला साधू.

मुशायऱ्यात पूर्वी शमा फिरायची. ती ज्याच्यासमोर येईल त्यानं वाचायचं. नवखे आधी, उस्ताद शेवटी. ही रीत मी मराठी कविसंमेलनांचं सूत्रसंचालन करताना पुष्कळ वर्षं पाळली. आमच्या भागात एका गावी संमेलन होतं. उद्घाटकांचं भाषण लांबलं, सत्कार लांबले, नारळ संपेनात. यादीत चौदा कवी. मी काय केलं? नावाजलेल्यांना दोन-दोन कविता दिल्या, आणि शेवटच्या चौघांना सांगितलं, एकच, तीही छोटी. त्यातली एक मुलगी एस.टी. बदलून बदलून आली होती, वहीत सात कविता घेऊन. तिनं माइकसमोर वही उघडली, छोटी कविता शोधू लागली, तिला सापडेना. पानं उलटत राहिली. मी मागून हळूच म्हणालो, "लवकर." ती आठ ओळी वाचून खाली उतरली. माणसं जेवायला उठली होती. तिचं नाव तेव्हा यादीत होतं. आज मला आठवत नाही. ती पुन्हा कुठल्या संमेलनात दिसली नाही. मीही त्या 'क्रिएटिव्ह' मुलीसारखंच म्हणू शकलो असतो, माझ्याकडे चौदा कवी आणि एवढीच मिनिटं. पण नावाजलेल्यांची दुसरी कविता मी कापू शकत होतो. कापली नाही, कारण त्यांच्यासाठी लोक आले होते, आणि लोक उठून गेले असते तर माझी शोभा झाली असती.

हे भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मामू, तुम्ही पण तसलेच."

ती आता सव्वीस... नाही, अजून पुरती पंचविशीही ओलांडली नाही. मामा लोकांना भाच्या लवकर मोठ्या वाटतात. संगीतात एम. ए. झाली, मिरजेतच शिकवते. टीव्हीची आठवण निघाली की हसते. दुल्हेभाईंना मात्र ती खिडकी अजून लागते. गिरणीवर कुणी नवं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "तुम्हीच ना ते, पोरीच्या गाण्याला विरोध करणारे," तर ते चक्की बंद करून पहिल्यापासून सगळं सांगतात. माझ्यासमोर एकदा त्यांनी खिशातले दोन्ही हात बाहेर काढून टेबलावर ठेका धरून दाखवला.

गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्या घरी छोटी बैठक झाली. तीसेक माणसं. यजमानांनी वेळ सांगितलीच नाही. ती अब्बांच्या तानपुऱ्यावर गायली. दुल्हेभाईंनी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून सगळं टिपलं आणि घरी येऊन पाठवलं. फाइल इतकी मोठी की माझ्या फोनवर उतरेना. मी म्हटलं, "सुरुवातीचं जरा कापून पाठवा की."

"कापायचं नाही," ते म्हणाले. "सगळं राहू दे."

शेवटी पेनड्राइव्हवर घेऊन आले. तासाभराचं आहे. कुणी तरी खोकतं, मधे एक पोर पाणी मागतं. पहिली साडेतीन मिनिटं नुसता तानपुरा जुळतो आहे.